बोटीवरचा समुद्राच्या पाण्याचा एसी पावसाळ्यानंतर सुरू करताय? आधी पाणी बघा, गॅस सगळ्यात शेवटी

गणपती गेले, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की बोटी परत पाण्यात उतरतात आणि माझा फोन वाजायला लागतो. वाक्य ठरलेलं असतं, "एसी चालू होतो, दहा मिनिटं गार हवा देतो आणि बंद पडतो, पॅनलवर एचपी की काहीतरी येतंय, गॅस संपलाय बहुतेक, माणूस पाठवा." मुंबई बंदर, मांडवा, अधूनमधून गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या बोटी, सगळीकडे हेच. आणि जाऊन बघावं तर बहुतेक वेळा गॅस जागच्या जागी असतो, पाणी येत नसतं. तोवर घरगुती एसीवाल्या कुणीतरी गेज लावून वरून गॅस भरलेला असतो आणि साधं दोन तासांचं काम कॉम्प्रेसर बदलण्यावर गेलेलं असतं.

मी स्वतः या कामात नवीन असताना हीच चूक केली आहे. थंडावा कमी वाटला म्हणून गॅस भरला, संध्याकाळपर्यंत ठीक चाललं, दुसऱ्या दिवशी मांडव्याला जाताना कॉम्प्रेसर गेला. नंतर पाणबुड्या खाली उतरला तर पाणी आत घ्यायच्या भोकावर प्लास्टिकची पिशवी चिकटून बसली होती. त्या मालकाचा खर्च मी आजही विसरलेलो नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, एवढीच मनापासून विनंती, कारण इथे प्रत्येक पायरीची तपासणी पुढच्या पायरीचा आधार असते.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा: पाणी कुठून येतं, कुठे जातं

घरच्या स्प्लिट एसीत बाहेरचा डबा पंख्याने उष्णता हवेत टाकतो. बोटीवर तो पंखा नाही, त्याच्या जागी समुद्राचं पाणी आहे. बोटीच्या तळाला, पाण्याखाली, एक भोक असतं. त्यावर बाहेरून जाळीचं टोपण आणि आतून सीकॉक, म्हणजे बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह. तिथून पाणी स्ट्रेनरमध्ये, म्हणजे कचरा अडवणाऱ्या जाळीच्या गाळणीत येतं, मग पंपात, मग एसीच्या कंडेन्सर कॉइलमध्ये. ही कॉइल म्हणजे नळीच्या आत नळी, एकीतून गॅस जातो, दुसरीतून समुद्राचं पाणी, मधली भिंत क्युप्रोनिकेलची, म्हणजे तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची, कारण साधं तांबं खाऱ्या पाण्यात तितकं टिकत नाही. पाणी केबिनमधली उष्णता घेतं आणि बोटीच्या बाजूच्या भोकातून परत समुद्रात पडतं. बस्स.

आता हिशोब बघा, पुढे दोनदा कामाला येणार आहे. १ टनाचा एसी, म्हणजे १२,००० बीटीयूचा, केबिनमधून साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. कॉम्प्रेसर स्वतः जवळपास एक किलोवॅट घेतो, तीही उष्णता पाण्यातच जाते. म्हणजे साडेचार किलोवॅट. मिनिटाला १२ लिटर पाणी फिरत असेल तर ते पाणी पाच-सहा अंशांनी तापून बाहेर पडतं. आपल्याकडे ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात समुद्राचं पाणीच मुळात ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे ३५-३६ ला बाहेर येईल. पाणी निम्मं झालं तर तेच दहा-बारा अंशांनी तापतं, कॉइलमध्ये गॅसचा दाब चढतो आणि हाय प्रेशरचा स्विच मशीन बंद करतो. पॅनलवर जे एचपी दिसतं ते हेच. मशीन स्वतःला वाचवतंय, त्याला गॅस नको आहे.

१. तयारी आणि वेळ

हातात काय हवं: १० लिटरची बादली, स्वयंपाकघरात वापरतात तसला टोचायचा डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, स्टेनलेसच्या होज क्लिपा (प्रत्येक जोडाला दोन या हिशोबाने), स्ट्रेनरच्या झाकणाची नवीन रबर रिंग, सिलिकॉन ग्रीस, जुना टूथब्रश, क्लॅम्प मीटर (करंट-व्होल्टेज मोजायचं), आणि भोकाच्या मापाचं लाकडी बूच. बूच सीकॉकलाच दोरीने बांधून ठेवा, नेहमीसाठी. व्हॉल्व्ह तुटला तर तेव्हा बूच शोधायला वेळ नसतो.

वेळ म्हणजे भरती. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि ओहोटीला उथळ जागी बोट जवळजवळ गाळात बसते. त्या वेळी पंप लावून बघणं म्हणजे कॉइलमध्ये चिखल भरणं. भरती चढत असताना काम सुरू करा, पंप चालवायची पाळी भरतीच्या शेवटाला येऊ दे. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो त्या दिवसांत पाण्याला ओढ कमी असते, गाळ कमी उठतो, जमलं तर तेच दिवस धरा.

थांबा आणि बघा: बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, चालतोय का? हाताने त्याचा फ्लोट, म्हणजे तरंगणारा स्विच, उचलून बघा. तो चालत नसेल तर पुढचं काहीही उघडू नका.

२. वीज पूर्ण बंद, मग बाहेरचं तोंड

एसीचा आणि पंपाचा एमसीबी पाडा, किनाऱ्यावरची केबल काढा, जनरेटर बंद. कंट्रोल बॉक्समधला कपॅसिटर वीज काढल्यावरही चार्ज धरून असतो, त्यामुळे तिथे बोटं घालायची गरजच पडू देऊ नका.

बोट अजून किनाऱ्यावर असेल तर नशीब समजा, कारण तळाचं तोंड समोर दिसतंय. जून ते सप्टेंबर पाण्यात उभ्या बोटीच्या त्या जाळीवर बार्नेकल, म्हणजे ते खडबडीत पांढरे शिंपले, इतके दाट बसतात की जाळीची भोकंच दिसत नाहीत. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग भोकाच्या आत हाताचं बोट घालून फिरवा. बाहेरून साफ दिसतं आणि आत दोन इंचांवर शिंपल्यांची रिंग असते, लोक हमखास तिथे चुकतात. रंग मारताना जाळीची भोकं बुजली नाहीत ना तेही आत्ताच बघा. जाळीच्या टोपणाची फट पुढच्या दिशेला हवी, बोट पळताना पाणी आत ढकललं जातं. उलटं बसवलं तर पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढलं जातं, आणि मग "उभी असताना एसी चालतो, चालू बोटीत बंद पडतो" अशी तक्रार येते.

अजून एक, एसीचं पाणी इंजिनच्या भोकातून घेतलेलं असेल तर ते आधी वेगळं करून घ्या. इंजिन जोरात ओढतं तेव्हा एसीच्या पंपाला पाणी उरत नाही, उलट पंपातून हवा खेचली जाते.

३. सीकॉक

दांडा चार-पाच वेळा पूर्ण उघडा-बंद करा. चार महिने न हलवलेला व्हॉल्व्ह घट्ट बसतो. जोर लावायला दांड्यावर पाईप चढवू नका, मी दांडा हातात आलेला बघितलाय आणि बोट पाण्यात होती. हलत नसेल तर किनाऱ्यावर असतानाच बदला. बदलताना ब्राँझचा घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा पितळी नको. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, मग उरतं ते ठिसूळ गुलाबीसर तांबं, वरून ठीक दिसतं आणि एक दिवस हाताने मोडतं.

४. स्ट्रेनर: इथे घाई नको

सीकॉक बंद करा. मग झाकण उघडा. हा क्रम उलटा झाला तर पाणी कारंज्यासारखं वर येतं, कारण बहुतेक बोटींवर स्ट्रेनर पाण्याच्या पातळीखालीच असतो आणि तिथेच असायला हवा.

आतली जाळी उचला. मुंबई बंदरातल्या बोटीच्या जाळीत मला काय काय सापडतं ते सांगतो: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, निर्माल्यातला झेंडू, बोटाच्या पेराएवढा जिवंत खेकडा, आणि सगळ्यावर राखाडी मऊ गाळाचा थर, जो टॉर्च मारल्यावर जाळीसारखाच दिसतो. हा थर फसवतो. जाळी रिकामी दिसते पण भोकं बुजलेली असतात. जाळी उजेडासमोर धरा, प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे. टूथब्रशने आतून बाहेर घासा, गोड्या पाण्याने धुवा.

मग झाकणाची रबर रिंग. ही साधी रिंग चपटी झाली, चिरली की पंप त्या फटीतून हवा ओढतो. पाणी बाहेर गळत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण पंपात हवा जात राहते आणि एसी अर्ध्या तासाने बंद. नवीन रिंग लावा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, झाकण हाताने आवळा, पान्याने नको.

तपासणी: झाकण लावायच्या आधी बोट पाण्यात असेल तर एक हात सीकॉकच्या दांड्यावर ठेवून तो दोन सेकंद उघडा. पाणी दणकून वर आलं पाहिजे. रडत रडत आलं तर तळाचं तोंड किंवा मधली नळी बुजलेली आहे, पायरी २ वर परत जा. पाणबुड्या बोलवावा लागला तरी चालेल पण तसंच पुढे जाऊ नका.

५. नळ्या

तळापासून स्ट्रेनर, स्ट्रेनरपासून पंप, पंपापासून एसी, नळी सतत वर चढत गेली पाहिजे. मध्ये कुठे वर जाऊन खाली आली, की त्या उंचवट्यावर हवा साचते आणि ती तिथून हलत नाही. टॉर्च घेऊन पूर्ण नळीवरून हात फिरवा. बसवताना नीट असलेली नळी नंतर कुणीतरी जास्तीचं लाईफ जॅकेट, दोरखंड, डब्बे त्या कप्प्यात कोंबल्यावर वाकडी होते, हे फार होतं. लांब पडलेली नळी गुंडाळून ठेवलेली असेल तर कापून छोटी करा. काटकोनी एल्बो जितके कमी तितके बरे, नळीलाच मोठं वळण द्या.

सीकॉक ते पंप ही नळी आतून तार असलेली जाड हवी. साधी पाण्याची पाईप लावली तर पंप ओढायला लागला की ती चपटी होते आणि बंद केल्यावर परत गोल, म्हणजे तपासायला गेलात तर सगळं ठीक दिसणार. प्रत्येक जोडाला दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या उलट बाजूला.

६. पंप आणि हवा, म्हणजे सगळ्यात जास्त चुका

हे पंप बहुतेक सेंट्रिफ्यूगल, मॅग्नेट ड्राइव्हचे असतात. ते पाणी ढकलतात, स्वतःहून खेचून वर आणू शकत नाहीत. म्हणून पंप पाण्याच्या पातळीच्या किमान एक फूट खाली लागतो आणि सुरू करायच्या आधी तो पाण्याने भरलेला लागतो. कोरडा चालवला की आतली शाफ्ट आणि इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चक्र, तापून जातात, त्याला काही मिनिटं पुरतात. घरचा टाकीचा पंप थोडा वेळ कोरडा गुरगुरतो आणि मग पाणी धरतो, ती सवय इथे घेऊन येऊ नका.

हवा अशी काढायची:

एक, बोट पाण्यात, वीज अजून बंद, सीकॉक पूर्ण उघडा. अर्धवट नको, दांडा नळीच्या रेषेत आला पाहिजे.

दोन, पंपाचं पाणी बाहेर सोडणारं तोंड वरच्या बाजूला आहे का बघा. बऱ्याच पंपांचं डोकं फिरवून बसवता येतं, तोंड खाली किंवा आडवं असेल तर पंपाच्या पोटात हवेचा बुडबुडा अडकून राहतो.

तीन, खाली बादली किंवा फडकं धरा, पंपाच्या त्याच तोंडावरची नळी क्लिप सैल करून अर्धी काढा. आधी फुसफुस हवा येईल, मग बुडबुडे, मग सलग पाणी. सलग धार पूर्ण पाच सेकंद येऊ द्या. मग नळी बसवा, क्लिपा आवळा.

धार आलीच नाही तर? दोनच कारणं, एक तर मागे काहीतरी बुजलंय, नाहीतर पंप पाण्याच्या पातळीवर बसवलाय. दुसऱ्या कारणाला पंप खाली हलवण्याशिवाय इलाज नाही, आणि पंप मोठा घेतला तर चालेल का असं विचारतात, नाही चालत.

ज्यांच्या बोटी वेगात पळतात त्यांनी लक्ष द्या. गेटवे ते मांडवा लाटांवर आपटत गेलात की तळाशी फेस होतो आणि पंपात हवा जाऊ शकते. चालू बोटीत एसी लागणारच नसेल तर बंद ठेवा, नांगर टाकल्यावर लावा, आणि लावल्यावर बाहेर पाणी पडतंय का ते डोळ्याने बघा.

७. वीज

आता जनरेटर सुरू करा, पाच मिनिटं मोकळा चालू द्या, मग व्होल्टेज मोजा. २३० च्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे २०७ ते २५३ च्या आत हवं. खरी परीक्षा कॉम्प्रेसर सुरू होताना होते. त्या क्षणी तो नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, तेव्हा व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन लगेच वर आलं पाहिजे. खालीच राहिलं तर जनरेटर अपुरा आहे किंवा जेट्टीवरची केबल बारीक आणि लांब आहे. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर गुणगुणतो, फिरत नाही आणि जळतो.

गिझर, मायक्रोवेव्ह, दोन एसी, सगळं एकदम लावू नका. एक एसी स्थिर झाला की दुसरा.

८. पहिली सुरुवात

आधी नुसता फॅन, पाच मिनिटं. मग कूल मोडवर टाका आणि लगेच डेकवर जाऊन बाहेरचं पाणी बघा. बहुतेक मशीनमध्ये पंप आधी आणि कॉम्प्रेसर थोड्या वेळाने लागतो. एका मिनिटात बाजूच्या भोकातून जाडसर, सलग धार पडली पाहिजे. थुंकल्यासारखी तुटक पडत असेल तर हवा आहे, बंद करा, पायरी ६ परत.

धार दिसायला छान वाटली तरी मोजा. डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, किंवा जेट्टीवरून बादली धरा. १ टनाला मिनिटाला १२ लिटर, म्हणजे १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरली पाहिजे. १६,००० बीटीयूचं मशीन असेल तर मिनिटाला १६ लिटर. एका पंपावर दोन-तीन एसी असतील तर प्रत्येकाची धार वेगळी मोजा, एकाला भरपूर आणि शेवटच्याला थेंब, असं असतं पुष्कळदा.

वीस मिनिटं चालू द्या. मग थर्मामीटर: बादलीत पडणारं पाणी आणि बोटीशेजारचं समुद्राचं पाणी, फरक पाच-सहा अंश, सात-आठपर्यंत ठीक. केबिनमध्ये एसीत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा, फरक आठ ते अकरा अंश. हे आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी सांगेल गॅस कमी आहे, तेव्हा ही वही त्याला दाखवा.

९. एचपी आलं तर

रिसेट दाबत बसू नका. प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर चढलेल्या दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करतो. बंद केल्यावर किमान तीन मिनिटं, शक्यतो दहा मिनिटं थांबा आणि या क्रमाने जा:

बाहेर धार अजिबात नाही: सीकॉक बंद राहिलाय का (हसू नका, सगळ्यात जास्त वेळा हेच असतं), स्ट्रेनर, हवा, मग पंपाला वीज पोचते का. पंपाची मोटर फिरतेय पण पाणी नाही, असं असेल तर इम्पेलर अडकलेला असू शकतो. मॅग्नेटचा पंप आहे, मोटर आणि इम्पेलर एका दांड्यावर नाहीत, त्यामुळे मोटरचा आवाज ऐकून पंप ठीक आहे असं ठरवता येत नाही. डोकं उघडा, दोरीचा तुकडा किंवा शिंपल्याचा कपचा निघेल.

धार आहे पण कमी, आणि पाणी दहा अंशांनी तापतंय: अर्धवट अडथळा. तळाचं तोंड, चपटी झालेली नळी, स्ट्रेनरमधला तो राखाडी थर.

धार पूर्ण, पाण्याच्या तापमानाचा फरकही ठीक, तरी एचपी: कॉइलच्या आत क्षार आणि शिंपले बसलेत. उष्णता भिंतीतून पाण्यात जायला जोर लागतोय. पुढची पायरी यासाठीच.

१०. कॉइल धुणं

आधी मशीनचं मॅन्युअल बघा, कंपनीने कुठलं द्रव्य चालेल ते लिहिलेलं असतं. घरगुती उपाय म्हणून पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड चालतं, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. २० लिटर गोड्या पाण्यात १ किलो. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते क्षारासोबत कॉइलची भिंतही खातं, आणि एकदा भिंतीला भोक पडलं की समुद्राचं पाणी गॅसच्या बाजूला जातं, मग पूर्ण मशीन भंगारात. ब्लीच आणि ॲसिड तर एकाच कप्प्यात ठेवूही नका, मिसळलं तर क्लोरीन वायू होतो आणि बोटीच्या त्या बंद जागेत तो जीव घेईल.

एसी बंद, सीकॉक बंद. कॉइलच्या आत-बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढा. एक छोटा वेगळा पंप, ॲसिडला चालणारा, बादलीत ठेवा, पाणी कॉइलमधून फिरून परत बादलीत येऊ द्या. शक्य असेल तर उलट दिशेने फिरवा, अडकलेले कपचे मागे निघतात. हातमोजे, चष्मा, हॅच (डेकवरची झाकणं) उघडे. सुरुवातीला बादलीत बुडबुडे आणि फेस येईल, पाणी गढूळ होईल. तासाभराने बुडबुडे थांबले तर दोन गोष्टी असू शकतात, क्षार संपला किंवा ॲसिड संपलं. म्हणून मूठभर नवीन टाकून बघा, परत फसफसलं तर अजून चालवा. नाही फसफसलं तर काम झालं.

मग १५-२० मिनिटं भरपूर गोडं पाणी. वापरलेलं पाणी खाण्याचा सोडा टाकून शांत करा आणि कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर न्या. बंदरात ओतू नका, त्याच पाण्यात आपल्याच लोकांची जाळी असतात.

तपासणी: नळ्या जोडा, हवा काढा, बादली परत मोजा. वेळ आधीपेक्षा कमी आला पाहिजे.

११. हवेची बाजू

इथे फार सांगण्यासारखं नाही. फिल्टर धुवा, सुकवून लावा. केबिनची हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरत असेल तर फिल्टर बुजलाय किंवा रिटर्नच्या, म्हणजे हवा परत एसीत जायच्या, जाळीसमोर कुणीतरी बॅगा रचल्यात. हॅच बंद ठेवा, आपल्या दमट हवेत एक हॅच उघडा राहिला की एसी दिवसभर नुसतं पाणी गाळत बसतो.

पण एक गोष्ट जीवावरची आहे. एसीच्या ट्रेमधलं गळकं पाणी न्यायची बारीक नळी इंजिन किंवा जनरेटरच्या कप्प्यात उघडी सोडू नका, एक्झॉस्टच्या तोंडाजवळही तीन फुटांच्या आत नको. ब्लोअर हवा ओढतो तेव्हा त्या नळीतून धूरही ओढू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपायच्या प्रत्येक केबिनमध्ये त्याचा अलार्म लावा, आजच्या आज.

१२. आणि आता गॅस

वरचं सगळं ठीक, धार पूर्ण, हवेचा मार्ग मोकळा, व्होल्टेज बरोबर, तरी हवेचा फरक तीन-चार अंशांवर अडकलाय आणि बाहेरचं पाणीही जेमतेम एक-दोन अंशांनी तापतंय, तरच गॅसवर या. कारखान्यातून हे मशीन मोजून गॅस भरून, सील होऊन येतं. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, जोडांवर तेलकट डाग शोधा. गळती न काढता वरून भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी.

गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावायचाच तर आत गॅस आर-४१०ए आहे की आर-२२ ते मशीनच्या पाटीवर वाचा. आर-४१०ए चा दाब आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असतो, जुना गेज आणि जुना पाईप तिथे चालत नाही. गॅस वजनकाट्यावर, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅममध्येच भरायचा. "हाताला नळी गार लागेपर्यंत" असं सांगणाऱ्याला बोटीवर घेऊ नका, जमिनीवर तो कितीही चांगला मेकॅनिक असला तरी.

१३. सीझनभर आणि परत मे महिन्यात

दर आठवड्याला स्ट्रेनर, गाळ असलेल्या ठिकाणी दर दोन-तीन दिवसांनी. महिन्यातून एकदा बादली आणि घड्याळ. बोट वापरात नसेल तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास एसी चालवा, कॉइलमध्ये कोमट साचलेलं पाणी शिंपल्यांना फार आवडतं.

मे अखेरीस बोट पावसाळ्यासाठी बंद करताना सीकॉक बंद करा, स्ट्रेनरमधून गोडं पाणी ओतत पंप पाच-दहा मिनिटं चालवा. दोन माणसं लागतात, एकाने ओतत राहायचं, पातळी खाली जाऊ द्यायची नाही. मग नळ्या रिकाम्या करा, स्ट्रेनरची जाळी काढून, धुवून, कोरडी करून ठेवा.

आणि एक जाड पुठ्ठा घ्या, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, "सीकॉक बंद आहे, पंप लावू नका", आणि तो एसीच्या एमसीबीलाच दोरीने बांधा. चार महिन्यांनी पहिला येणारा माणूस तुम्ही नसाल, खलाशी असेल, आणि तो आधी एमसीबीच वर करणार.